पाळणाघर निवडताना: खरा खर्च आणि खरा दर्जा कसा ताडून पाहावा

पाळणाघर शोधणारे पालक पहिला प्रश्न विचारतात, "महिन्याचे किती?" आणि दुसरा, "सीसीटीव्ही आहे का?" अहिल्यानगर शहर असो की संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, पुष्कळदा या दोन उत्तरांवरच निर्णय होऊन जातो. प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांतून खरा खर्च कळत नाही आणि मुलाचा दिवस कसा जाणार तेही कळत नाही. साडेतीन हजार रुपये फीचे पाळणाघर महिनाअखेरीस सहा हजारांना पडू शकते. सहा कॅमेरे लावलेल्या ठिकाणी बारा तान्ह्या मुलांमागे एकच ताई असू शकते. म्हणून खर्च सगळा जमेला धरून मोजावा आणि दर्जा पाहताना भिंतीवरच्या चित्रांपेक्षा तिथल्या माणसांकडे जास्त लक्ष द्यावे.

आधी स्वतःची गरज लिहून काढावी

पाळणाघरे पाहायला निघण्यापूर्वी घरी बसून तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: मुलाचे वय, रोजचे नेमके तास आणि येण्याजाण्याचा रस्ता.

वयाप्रमाणे गरज पार बदलते. सहा महिने ते दीड वर्षाच्या बाळाला मांडीवर घेणारे, भरवणारे, वेळेवर लंगोट बदलणारे माणूस हवे. दीड ते तीन वर्षांच्या मुलाला धावायला जागा, बोलणारी ताई आणि शी-शूची सवय न ओरडता लावणारे कोणीतरी हवे. तीन वर्षांनंतर सोबतीची मुले, गोष्टी, माती-पाणी-रंग यांचे महत्त्व वाढते. एकाच पाळणाघरात मोठ्या मुलांची उत्तम सोय आणि तान्ह्यांची आबाळ असू शकते. त्यामुळे ओळखीच्या घरातले मूल तिथे आनंदात आहे, एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. ते मूल किती वयाचे आहे, हे विचारावे.

तास मोजताना नोकरीची वेळ धरून चालत नाही. सुप्याच्या एमआयडीसीत सहाला सुटणारी व्यक्ती केडगावला पोचेपर्यंत सात वाजतात. कंपनीची बस चुकली तर आणखी उशीर होतो. लोणीच्या रुग्णालयातली परिचारिका, शिर्डीतल्या हॉटेलात पाळीने काम करणारे आईबाप यांच्या सुट्ट्या रविवारी येतीलच असे नाही. पाळणाघर मात्र बहुधा रविवारी बंद असते. ही अडचण आधी लक्षात आली तर निम्मी पाळणाघरे फोनवरच गळतात आणि फेऱ्या वाचतात.

रस्त्याचेही तसेच आहे. सावेडीत घर आणि नागापूर एमआयडीसीत नोकरी असेल, तर मनमाड रस्त्याच्या कडेचे पाळणाघर वाटेवर येते. केडगावचे स्वस्त पाळणाघर उलट्या दिशेला पडते. तिथली फी कमी दिसली तरी रिक्षा आणि वेळ यांत ती बचत संपते.

अहिल्यानगर जिल्ह्यात कोणते पर्याय असतात

*घरगुती पाळणाघर.* एखाद्या काकू स्वतःच्या घरात पाच-सात मुले सांभाळतात. माणूस एकच असल्याने मुलाला लळा लवकर लागतो, जेवण घरचे असते, फी कमी असते आणि वेळेत थोडीफार सवलत मिळते. अडचण अशी की काकू आजारी पडल्या किंवा त्यांच्या घरी लग्नकार्य निघाले की पाळणाघर बंद. तालुक्याच्या गावांत मुख्यतः हाच पर्याय मिळतो आणि तान्ह्या बाळासाठी तो अनेकदा सर्वांत चांगला ठरतो. मुलांची संख्या मर्यादित हवी आणि घरातील इतर माणसे कोण आहेत, कधी घरी असतात, हे माहीत हवे.

*बालवाडी किंवा प्ले-स्कूलला जोडलेले डे-केअर.* सकाळी वर्ग, दुपारनंतर सांभाळ. जागा मोठी, कर्मचारी अधिक, पावत्या वगैरे रीतसर. इथे एक गोष्ट जरूर पाहावी: सकाळच्या वर्गाच्या शिक्षिका दुपारी थांबतात की निघून जातात. कित्येक ठिकाणी दुपारी मुले एक-दोन मदतनीस बायकांच्या हवाली असतात आणि पालकांना दाखवल्या जातात त्या सकाळच्या शिक्षिका.

*कंपनीचे किंवा कार्यालयाचे पाळणाघर.* कायद्याने ते कोणाला मिळायला हवे, हे पुढे दिले आहे.

*अंगणवाडी-सह-पाळणाघर.* केंद्राच्या 'पाळणा' योजनेत काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाची सुमारे २५ मुले, महिन्यातले २६ दिवस, रोज साडेसात तास, आणि अंगणवाडी सेविकेशिवाय स्वतंत्र सेविका व मदतनीस, अशी त्याची रचना आहे. आपल्या भागात असे केंद्र आहे का, याची चौकशी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागात करावी. साधी अंगणवाडी मात्र पाळणाघराची जागा घेऊ शकत नाही. ती काही तासच चालते आणि तीन वर्षांखालच्या मुलांना दिवसभर सांभाळण्याची तिथे व्यवस्था नसते.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले या चर्चेत सहसा येतच नाहीत, आणि ही मोठी उणीव आहे. फडात, उसाच्या पाचटात बसवलेल्या मुलाची जोखीम शहरातल्या कोणत्याही पाळणाघरापेक्षा जास्त असते. स्थलांतरित कुटुंबातील मुलांना कारखान्याजवळच्या गावातील अंगणवाडीत आहार आणि लसीकरण घेता येते. त्यासाठी मूळ गावच्या अंगणवाडी सेविकेला निघण्यापूर्वी कळवावे आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावे. ऊसतोडीच्या अनेक जोड्या (कोयते) एका ठिकाणी असतील तर मुकादमाकडे किंवा कारखान्याकडे एका बाईला मुले सांभाळण्यासाठी नेमण्याची मागणी एकत्रितपणे करता येते.

खरा मासिक खर्च कसा काढावा

फीच्या आकड्यात पुढील बाबी मिळवल्याशिवाय दोन पाळणाघरांची तुलना करू नये:

- प्रवेश शुल्क, नोंदणी, 'किट', गणवेश, स्नेहसंमेलनाची वर्गणी. वर्षाची बेरीज करून बाराने भागावी.
- उशिरा नेल्यास लागणारे जादा पैसे: तासाला, अर्ध्या तासाला, की पाच मिनिटे झाली तरी पूर्ण तासाचे.
- जेवण, दूध, खाऊ, डायपर यांपैकी फीमध्ये काय येते आणि घरून काय द्यायचे.
- येण्याजाण्याचा जादा खर्च.
- पाळणाघराच्या सुट्ट्यांत करावी लागणारी पर्यायी सोय किंवा बुडणारी रजा.
- मूल आजारी असताना किंवा मामाच्या गावी गेले असताना फी पूर्ण द्यावी लागते का.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. पद्धत उचलावी आणि आपले आकडे घालावेत. समजा, पालकांना सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा अशी सोय हवी आहे आणि महिन्याला कामाचे दिवस २४ आहेत.

पहिल्या पाळणाघराची फी ३,५०० रुपये, पण ते साडेपाचला बंद होते. पुढच्या एका तासाचे ५० रुपये, म्हणजे महिन्याला १,२०० रुपये. वर्षाचे प्रवेश शुल्क ३,००० रुपये, म्हणजे महिन्याला २५०. जागा वाटेवर नसल्याने रिक्षाचे रोज ४० रुपये, म्हणजे ९६०. दिवाळी आणि मे महिना मिळून कामाच्या १५ दिवशी ते बंद असते आणि त्या दिवशी शेजारच्या मावशींना ३०० रुपये द्यावे लागतात. वर्षाचे ४,५०० रुपये, म्हणजे महिन्याला ३७५. एकूण ६,२८५ रुपये.

दुसऱ्याची फी ५,२०० रुपये. ते आठ ते सात उघडे असते आणि वाटेवर आहे. प्रवेश शुल्क २,४०० रुपये, म्हणजे महिन्याला २००. वर्षात कामाचे सहाच दिवस बंद, म्हणजे पर्यायी सोयीचे १,८०० रुपये, महिन्याला १५०. एकूण ५,५५० रुपये.

म्हणजे फीच्या पाटीवर १,७०० रुपयांनी महाग दिसणारे पाळणाघर प्रत्यक्षात दरमहा ७३५ रुपयांनी स्वस्त पडते. शिवाय पहिल्या ठिकाणी संध्याकाळचा तो जादा तास बहुतेक मुले गेल्यानंतरचा असतो. त्या वेळी झाडलोट चालू असते, ताईची घरी जायची घाई असते आणि आपले मूल दाराकडे डोळे लावून बसलेले असते. याची किंमत हिशेबात धरता येत नाही, पण निर्णयात नक्की धरावी.

फी फार कमी असेल तर

कमी फी हा दोष नव्हे. घरगुती पाळणाघराला भाडे नसते आणि मालकीणबाई स्वतःच सांभाळतात, तेव्हा फी कमी असणे साहजिक आहे. परंतु भाड्याच्या जागेत, पगारी माणसे ठेवून चालवलेल्या पाळणाघराची फी आसपासच्या सर्वांपेक्षा खूप कमी असेल, तर पैसा कुठे वाचवला जातो ते शोधावे.

हा अंदाज कोणालाही करता येतो. पंधरा मुलांकडून प्रत्येकी ३,००० घेतले तर महिन्याला ४५,००० रुपये जमतात. भाड्याचे १२,०००, वीज, पाणी, गॅस, खाऊ, साबण यांचे ९,००० गेले तर २४,००० उरतात. त्यात संचालिकेची मिळकतही आली. अशा हिशेबात दिवसभरासाठी तीन अनुभवी बायका ठेवणे जमत नाही. एक किंवा फार तर दोन राहतात आणि त्याही दुसरीकडे हजार रुपये जास्त मिळाले की सोडून जातात. मुलाच्या दृष्टीने पाळणाघराच्या खर्चातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे सांभाळणाऱ्या बायकांचा पगार. फी वाढवण्याचे कारण "ताईंचे पगार वाढवले" असे असेल, तर ती वाढ तक्रार न करता द्यावी असेच येथे सुचवावेसे वाटते. वातानुकूलन यंत्र किंवा नवी घसरगुंडी यासाठीच्या वाढीबद्दल मात्र विचारणा करावी.

दर्जा: किती मुलांमागे किती माणसे

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि सोबत मदतनीस, तर तीन वर्षांवरील वीस मुलांमागे तेवढीच माणसे, असे प्रमाण सुचवले आहे. प्रत्येक मुलामागे सुमारे १० ते १२ चौरस फूट जागा आणि शक्यतो तळमजला, हेही त्यांत आहे. खासगी पाळणाघर या सूचनांखाली येत नसले तरी पालकांच्या हाती मोजमाप म्हणून ते आकडे उपयोगी आहेत. एक वर्षाखालच्या बाळांसाठी तर याहूनही कमी मुले हवीत. एक बाई एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त तान्ह्यांचे दूध, झोप आणि लंगोट सांभाळू शकत नाही.

संख्या विचारताना "एकूण स्टाफ किती?" असे विचारले की स्वयंपाकीण, रिक्षावाले काका, कार्यालयातील मुलगी, सगळे मोजून "आठ" असे उत्तर येते. म्हणून प्रश्न असा विचारावा: "दुपारी एक वाजता, मुलांच्या खोलीत, मुलांजवळ किती जणी असतात?" त्यानंतरचा प्रश्न: "त्या किती वर्षांपासून इथे आहेत?" बोलणे शिकणाऱ्या वयात दर दोन-तीन महिन्यांनी ताई बदलली तर मुलाला पुन्हा पुन्हा नव्याने रुळावे लागते. साध्या खोलीत चार वर्षे टिकून राहिलेली ताई ही चकचकीत खोलीपेक्षा मोठी खूण आहे.

भेट कधी द्यावी

ठरवून दिलेली सकाळी अकराची भेट सगळीकडे छान दिसते. खरी वेळ म्हणजे दुपारी साडेबारा ते दीड. त्या सुमारास बालवाडी आणि पहिली-दुसरीची मुले शाळा सुटून पाळणाघरात येतात. सकाळी बारा मुले असलेल्या खोलीत अचानक बावीस होतात, त्याच वेळी भरवणे चालू असते आणि लहानग्यांची झोपेची वेळही तीच. अशा वेळी अर्धा तास एका कोपऱ्यात गप्प बसून पुढील गोष्टी पाहाव्यात:

- रडणाऱ्या मुलाजवळ कोणी जाते का आणि किती वेळाने. ताई मुलाच्या उंचीला वाकून बोलते, की लांबूनच "गप बस" म्हणते?
- वरण-भात भरवताना एकच चमचा आणि एकच वाटी चार मुलांत फिरते का?
- लंगोट बदलल्यावर ताई साबणाने हात धुते का? लंगोट बदलण्याची जागा जेवणाच्या जागेपासून वेगळी आहे का?
- टीव्ही किंवा मोबाइल लावून मुले बसवली आहेत का? भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सल्ल्यानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा अजिबात नको.
- मुले ताईच्या अंगाखांद्यावर जातात, की तिला पाहून अंग चोरतात?

भेटीची परवानगीच नाकारली, किंवा "मुले डिस्टर्ब होतात, बाहेरूनच पाहा" असे प्रत्येक वेळी सांगितले, तर पुढचे प्रश्न न विचारता ते पाळणाघर यादीतून काढून टाकावे. प्रवेश झाल्यावरही पालकांना केव्हाही येता आले पाहिजे.

कॅमेऱ्याबद्दल इथेच सांगितलेले बरे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण सीसीटीव्हीत टिपली गेली होती. तरीही प्रकार उघडकीला आला तो आईवडिलांना मुलीच्या अंगावर जखमा दिसल्यानंतरच. कॅमेरा पुरावा देतो. रोज ते चित्रण कोणी पाहतच नसेल तर संरक्षण देत नाही. कॅमेरा असल्यास चित्रण किती दिवस साठवले जाते आणि पालकांना मागितल्यावर मिळते का, हे विचारावे.

जागेची पाहणी: नगरी बारकावे

फाटक, जिन्याचा दरवाजा, खिडक्यांचे गज, उघडे सॉकेट, गॅस सिलिंडर, अग्निशामक या बाबी सगळीकडे पाहायच्याच असतात. या जिल्ह्यात त्याखेरीज काही गोष्टी पाहाव्या लागतात. पाणी रोज येत नसलेल्या भागात पाळणाघराची टाकी किती मोठी आहे आणि ती झाकलेली आहे का. बादल्या आणि जमिनीतील टाकी उघडी असेल तर रांगणाऱ्या मुलाला वीतभर पाणीही जिवावर बेतते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. पत्र्याचे छत असलेली खोली दुपारी राहण्याजोगी नसते, म्हणून वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का, ते पाहावे. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेरच्या मळ्यांलगत, वस्तीवर पाळणाघर असेल तर विहीर आणि शेततळ्याला कुंपण हवेच. ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर असल्याने मुलांचे अंगणातील खेळणे पक्क्या जाळीच्या आत आणि मोठ्या माणसाच्या नजरेखाली असले पाहिजे, आणि अंधार पडण्यापूर्वी मुले घरी पोचली पाहिजेत.

खाणे, झोप, औषध

मुलाच्या दिवसाची लेखी नोंद ठेवणारे पाळणाघर मिळाले तर ते धरून ठेवावे. नोंद लांबलचक नको. एका चांगल्या वहीतले पान असे असते: "१०.१५ नाचणीचे सत्त्व, पूर्ण वाटी. ११.४० शी, थोडी पातळ. १.०० वरण-भात अर्धी वाटी, नको म्हणाला. १.३० ते ३.१० झोप. ४.०० केळे." संध्याकाळी मूल किरकिर करू लागले की आईला कारण त्या पानात सापडते, आणि पातळ शी दोनदा झाली तर डॉक्टरांना सांगायला नेमकी माहिती असते.

आईचे काढून ठेवलेले दूध साधारण २५ अंश तापमानात चार तास टिकते. नगरच्या उन्हाळ्यात ते बाहेर ठेवणे धोक्याचे असते, म्हणून फ्रीज आहे का आणि बाटलीवर नाव व वेळ लिहिली जाते का, हे विचारावे. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे लहान मुलांच्या घशात अडकतात. ती खाऊच्या डब्यात येतच नाहीत, याची खात्री करावी. तान्हे बाळ पाठीवर झोपवावे, उशी नको. झोळी असेल तर ती नजरेआड नको आणि मोठे मूल तिच्याशी खेळायला नको.

औषधाच्या बाबतीत नियम कडक असावा. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पालकांनी लिहून दिलेली मात्रा व वेळ असल्याशिवाय पाळणाघराने कोणतेही औषध देऊ नये. मूल रोज दुपारी नेहमीपेक्षा खूप जास्त झोपत असेल आणि घरी आल्यावरही सुस्त राहत असेल, तर झोपेचे किंवा सर्दीचे औषध पाजले जात नाही ना, याची शंका घेऊन लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

कागदावर काय असावे

पाटीवर 'शासनमान्य' लिहिलेले असेल तर कोणत्या खात्याची, कशासाठी मान्यता आहे, ते कागद पाहून ठरवावे. शॉप ॲक्टची किंवा उद्यम नोंदणी ही व्यवसायाची नोंदणी आहे. मुले सांभाळण्याच्या दर्जाची ती तपासणी नव्हे. जेवण पाळणाघरातच शिजत असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी विचारावी. कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी झाली आहे का, हेही विचारावे आणि केवळ "हो" ऐकून न थांबता कागद पाहावा.

प्रवेशाच्या वेळी पुढील मुद्दे लेखी घ्यावेत. साध्या कागदावर दोघांच्या सह्या असल्या तरी चालते:

- वेळ, फी, जादा तासाचा दर आणि फी कधी, किती कळवून वाढेल.
- अनामत व आगाऊ फी कोणत्या परिस्थितीत परत मिळेल. सोडताना किती दिवस आधी सांगायचे.
- मुलाला नेण्याचा अधिकार कोणाला. नावे आणि छायाचित्रे द्यावीत. ऐनवेळी दुसरे कोणी जाणार असेल तर फोनवर खात्री झाल्याशिवाय मूल सोडू नये.
- अचानक गरज पडल्यास कोणत्या रुग्णालयात नेणार आणि खर्च कोणी करायचा.
- मुलांची छायाचित्रे व्हॉट्सॲप गटात किंवा जाहिरातीत वापरायची की नाही.

वर्षाची पूर्ण फी आगाऊ भरल्यास सवलत, असा आग्रह बऱ्याच ठिकाणी असतो. पहिले तीन महिने तरी मासिक फीच भरावी. मूल रुळले नाही किंवा ताई बदलल्या तर बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा राहतो. ही मोकळीक सवलतीच्या रकमेपेक्षा मोलाची असते.

पहिले पंधरा दिवस

रजा संपण्याच्या आदल्या दिवशी मूल पाळणाघरात सोडणे ही नेहमी घडणारी चूक. निदान दोन आठवडे आधी सुरुवात करावी: पहिले काही दिवस आईसोबत तासभर, मग आई बाहेर गेल्यावर तासभर, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. निरोप न घेता, लपून निघून जाऊ नये. मूल त्यामुळे जास्त धास्तावते. राज्य शासकीय सेवेतील महिलांना मूल १८ वर्षांचे होईपर्यंत एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. तिचा थोडा भाग या दिवसांसाठी राखता येतो.

सोडताना रडणे पहिले दोन-तीन आठवडे स्वाभाविक आहे. आई दिसेनाशी झाल्यावर मूल किती वेळात शांत होते, ते महत्त्वाचे. महिन्यानंतरही वजन घटत असेल, झोपेत दचकणे वाढले असेल, एका विशिष्ट ताईचे नाव काढताच मूल घाबरत असेल, किंवा अंगावर कारण न सांगता येण्याजोगे वळ असतील, तर वाट पाहू नये.

नोकरी करणाऱ्या आईचे हक्क

प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही तरतूद आहे. पन्नास हा आकडा स्त्री-पुरुष मिळून एकूण कर्मचाऱ्यांचा असतो, फक्त महिलांचा नव्हे. "आमच्याकडे बायका पाचच आहेत" हे उत्तर म्हणून ग्राह्य नाही. आईला विश्रांतीची वेळ धरून दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊ देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी दोन विराम वेगळे मिळतात.

संहितेने अनेक आस्थापनांना मिळून एक सामाईक पाळणाघर चालवण्याची, किंवा सरकारी, नगरपालिकेच्या, खासगी वा स्वयंसेवी संस्थेच्या पाळणाघराची सोय वापरण्याची मुभा दिली आहे. नागापूर आणि सुपा येथील लहान-मध्यम कारखान्यांना ही वाट सोयीची आहे. एकट्या आईने मागणी करण्यापेक्षा चार-पाच पालकांनी, त्यात वडिलांनीही, मनुष्यबळ विभागाला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास कामगार विभागाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते.

काही बिनसले तर

साधी तक्रार, म्हणजे डबा न खाल्ल्याची, लंगोट उशिरा बदलल्याची, आधी ताईशी आणि मग संचालिकेशी शांतपणे बोलून सोडवावी. ताईंना चारचौघांत बोलल्याचा राग मुलावर निघू शकतो.

मारहाण, उपाशी ठेवणे, कोंडून ठेवणे, लैंगिक गैरवर्तन यांत मात्र तडजोड नाही. मुलाला लगेच डॉक्टरांना दाखवून लेखी नोंद घ्यावी, अंगावरच्या खुणांची छायाचित्रे काढावीत, सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याची मागणी लेखी करावी आणि पोलिस ठाणे किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे. ११२ वरही मदत मिळते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार मुलांच्या सांभाळाची जबाबदारी घेतलेल्या संस्थेतील व्यक्तीने क्रूरता केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळूनही ती पोलिसांना न कळवणे हा पॉक्सो कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. पाळणाघराच्या संचालकांनाही तो लागू होतो.

फी परत न देणे, कबूल केलेली सेवा न देणे या बाबी ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते. तिथे तोडगा न निघाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही आणि वकील नेमणे बंधनकारक नाही. अर्जासोबत फीच्या पावत्या, सह्या केलेला कागद आणि व्हॉट्सॲपवरील संदेश जोडावे लागतात. फी रोख दिली असेल तर दर महिन्याला पावती मागून घ्यावी. पावती देत नसतील तर फी यूपीआयने किंवा बँकेतून भरावी, म्हणजे नोंद राहते.